शेतात गोठा, शेड, गोदाम किंवा घर बांधताना लागणाऱ्या परवानग्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात शेतजमिनीवर काही उभारायचं म्हटलं की दोन कायदे समोर येतात आणि दोन्ही १९६६ चेच आहेत. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम. पहिला जमिनीचा वापर बघतो, दुसरा बांधकाम. एकाची परवानगी मिळाली म्हणजे दुसऱ्याचीही मिळाली, असं समजून लोक पाया खोदतात आणि नोटीस आली की धावपळ सुरू होते. खालची उत्तरं ग्रामीण भागातल्या शेतकऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत नियम वेगळे आहेत. खाली कायद्याचं नाव न घेता नुसतं 'कलम' म्हटलंय तिथे ते जमीन महसूल संहितेचं समजा.

शेत माझं, सातबारा माझ्या नावावर. मग गोठ्याला परवानगी कशासाठी?

मूळ कायदा शेतकऱ्याच्या बाजूचाच आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ नुसार शेतजमिनीचा धारक शेती चांगली व्हावी किंवा अधिक सोयीची व्हावी म्हणून शेतावर इमारत बांधू शकतो, विहीर खोदू शकतो, तळं करू शकतो. हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

पण शहरांच्या कडेला 'शेतातली खोली' या नावाखाली बंगले उभे राहू लागले. म्हणून १९८६ च्या दुरुस्तीने ठरावीक टापूंत बांधकामाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची झाली. नवं बांधकामच नव्हे, जुन्याची पुनर्बांधणी आणि वाढीव कामही त्यात आलं. तुमची जमीन अशा टापूत आहे की नाही, हे आधी शोधायचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

माझं गाव त्या टापूत येतं हे कसं कळणार?

मुंबई, पुणे आणि नागपूर या महानगरपालिकांच्या हद्दी आणि त्यांच्या कडेपासून ८ किलोमीटरचा पट्टा त्यात येतो. इतर महानगरपालिका आणि मोठ्या नगरपालिकांभोवतीही असे पट्टे आहेत, अंतर कमी आहे इतकंच. शिवाय जिथे प्रादेशिक योजना किंवा नगर रचना योजना लागू आहे, तो सगळा भाग येतो. हा शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात राहत नाही. 'आमचं गाव शहरापासून चाळीस किलोमीटर लांब, आम्हाला कोण विचारतंय' असं म्हणणाऱ्याचं गाव प्रादेशिक योजनेत असू शकतं. रायगड, सातारा, रत्नागिरी-सिंधुदुर्ग इथे अशा योजना आहेत.

खात्रीचा मार्ग एकच. जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयात गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. पुण्याच्या आसपास असाल तर पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावं लागेल. दाखल्यावर 'शेती विभाग', 'हरित विभाग', 'रहिवास विभाग' असं काहीतरी लिहिलेलं असेल. गटावरून रस्ता किंवा आरक्षण जातं का, हेही त्याच नकाशावर दिसतं. शेडचा खर्च लाखांत जातो, दाखल्याची फी त्यापुढे काहीच नाही.

कायद्याच्या नजरेत 'शेतावरची इमारत' म्हणजे नेमकं काय?

सगळ्या वादाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संहितेच्या कलम २ च्या पोटकलम ९ मध्ये तिची व्याख्या आहे. त्यात पाच कारणं दिली आहेत. शेतीची अवजारं, खत किंवा चारा ठेवायला. शेतमाल साठवायला. जनावरं बांधायला. धारकाच्या कुटुंबातल्या माणसांना, त्याच्या गड्यांना किंवा कुळांना राहायला. आणि पाचवं, त्याच्या शेतीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेलं इतर कोणतंही काम.

या पाचही कारणांना एक अट आहे. बांधकामाचा संबंध त्या जमिनीशी, किंवा त्याच धारकाच्या मालकीच्या वा त्याने कसलेल्या दुसऱ्या जमिनीशी असला पाहिजे. म्हणजे तुमचा कांदा तुमच्या चाळीत ठेवलात तर ती शेतावरची इमारत. तीच चाळ व्यापाऱ्याला भाड्याने दिलीत तर तिचा तुमच्या शेतीशी संबंध तुटला. तुमच्या गड्याचं कुटुंब राहतं ती खोली व्याख्येत बसते. जवळच्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेली खोली बसत नाही. पत्रा तोच, भिंती त्याच, मोजमापही तेच. फरक पडतो तो आत काय चालतं याने.

म्हणून अर्जात 'शेड बांधणे' एवढंच लिहू नका. 'स्वतःच्या शेतातील सोयाबीन व तूर साठवण्यासाठी' किंवा 'सहा म्हशींसाठी गोठा' असं कारणासकट लिहा. अर्जातलं ते वाक्य पुढे अनेक वर्षं तुमच्या बाजूने उभं राहतं.

किती क्षेत्रावर किती मोठं बांधता येतं?

परवानगीच्या टापूतलं गणित असं आहे. ज्या धारण जमिनीवर बांधायचं ती ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे ४० आरपेक्षा कमी असेल तर परवानगी देता येत नाही. ४० आर म्हणजे जवळपास एक एकर.

जमीन ०.४ ते ०.६ हेक्टर असेल तर सगळ्या इमारती मिळून जोत्याचं क्षेत्र, म्हणजे इमारतीने जमिनीवर व्यापलेली जागा, १५० चौरस मीटरपर्यंत. ०.६ हेक्टरच्या वर असेल तर जमिनीच्या चाळिसाव्या भागाएवढं किंवा ४०० चौरस मीटर, यातलं जे कमी असेल ते. एक हेक्टर जमीन असलेल्याला २५० चौरस मीटर मिळतात. ४०० ची मर्यादा १.६ हेक्टरला, म्हणजे साधारण चार एकरांना गाठली जाते. त्यापुढे जमीन दहा एकर असो की वीस, आकडा वाढत नाही.

राहण्याच्या भागाला वेगळी मर्यादा आहे. जमीन कितीही असली तरी राहण्यासाठी १५० चौरस मीटरपेक्षा जास्त जोतं नाही. इमारत फक्त तळमजल्याची आणि जोत्यापासून उंची ५ मीटरच्या आत. प्रत्येक कारणासाठी एकच इमारत, म्हणजे एक गोठा, एक साठवणीची शेड, एक राहण्याची जागा. दोन गोठे वेगवेगळ्या कोपऱ्यात बांधायचा बेत असेल तर आधीच एक मोठा आखा.

हे महसूल संहितेचं झालं. बांधकाम आराखडा मंजूर करताना २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, वेगळी तपासली जाते. रस्त्यापासूनचं अंतर, सामासिक जागा (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) वगैरे गोष्टी तिथे येतात. नकाशा काढणाऱ्या अभियंत्याला दोन्ही मोजमापं माहीत आहेत ना, हे विचारून घ्या.

ग्रामपंचायतीत नोंद झाली आहे, घरपट्टीही भरतो. एवढं पुरत नाही का?

नाही. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. तिथे नाव लागलं म्हणजे तुम्ही कर भरता, एवढंच सिद्ध होतं. बांधकाम कायदेशीर आहे असा तिचा अर्थ होत नाही. तलाठ्याकडच्या ८-अ शीही तिची गल्लत करू नका. ८-अ हा तुमच्या एकूण जमिनीच्या खात्याचा उतारा आहे.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीला बांधकामावर जे अधिकार आहेत, ते मुख्यतः गावठाणापुरते. शेतातल्या गटावर तिचा ना-हरकत दाखला उपयोगी पडतो, विशेषतः पोल्ट्रीसारख्या कामाला, पण तो मूळ परवानगीची जागा घेत नाही. ग्रामपंचायतीने नोंद घेतली म्हणून निर्धास्त झालेली कितीतरी कुटुंबं कर्जाच्या वेळी अडकलेली मी पाहिली आहेत. बँकेचा वकील नमुना ८ बघतो आणि पुढचा कागद मागतो.

शेत गावठाणाला लागून आहे. तिथे घर बांधायचंय.

मग शेतघराचा मार्ग धरायचं कारण नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींसाठी कलम ४२-ड आहे. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की अशी जमीन राहण्याच्या वापरासाठी अकृषिक, म्हणजे बिगरशेती, झाल्याचं मानलं जातं. हद्द भूमी अभिलेखच्या नकाशावर मोजली जाते, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. बांधकाम आराखड्याची मंजुरी मात्र इथेही लागते.

एजंट म्हणतो, दहा गुंठे घ्या आणि फार्महाऊस बांधा. घेऊ का?

इथे मला स्पष्ट बोलायचंय, कारण यात माणसांची आयुष्यभराची बचत जाते.

२०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते माप, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्यामुळे १० गुंठे बागायत जमिनीचं खरेदीखत नोंदवता येतं. एजंट तेवढंच सांगतो. खरेदी करता येणं आणि बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो सांगत नाही. वर लिहिलंय तसं, परवानगीच्या टापूत शेतावरच्या इमारतीला ४० आर लागतात. एका एकराचे चार तुकडे पाडून चौघांना विकले की ती अट कुणाचीच पूर्ण होत नाही. शहरांच्या जवळच्या ज्या जागा 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकल्या जातात, त्या बहुतेक याच टापूत असतात.

दुसरी गोष्ट, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्याकडे कुठल्याही गावचा स्वतःच्या किंवा वाडवडिलांच्या नावचा सातबारा नसेल तर विषय तिथेच थांबतो. तिसरी, अशा प्लॉटला जाणारा रस्ता बहुतेक वेळा फक्त ब्रोशरवर असतो, नकाशावर नसतो.

पोल्ट्रीची शेड शेतीत धरतात का?

शेती विभागात कुक्कुटपालनाला जागा आहे, त्यामुळे झोनची अडचण सहसा येत नाही. घरच्या पन्नास कोंबड्यांचं खुराडं आणि कंपनीच्या कराराने चालणारी दहा हजार पक्ष्यांची शेड यांना मात्र एकाच मापाने मोजलं जात नाही. ४०० चौरस मीटरच्या मर्यादेत मोठी शेड बसतही नाही. म्हणून व्यावसायिक शेडसाठी तहसील कार्यालयाकडून अकृषिक वापराबाबत लेखी उत्तर घ्या आणि मगच आराखडा टाका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ५ हजारांच्या वरच्या पक्षीगृहांनाही कक्षेत आणलं आहे. त्याआधी मोठ्या फार्मवरच लक्ष होतं. वस्तीपासूनचं अंतर, विहीर-ओढ्यापासूनचं अंतर, खताची आणि मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट, माश्या, वास या सगळ्याचा विचार त्यात आहे. गावाशी भांडण होतं ते वासावरून आणि माश्यांवरून. शेडची जागा ठरवताना वारा वर्षातले बहुतेक महिने कुठून कुठे वाहतो ते बघा, आणि वस्ती वाऱ्याच्या पुढे येणार नाही अशी जागा निवडा. हा सल्ला कुठल्या फॉर्ममध्ये नसतो, पण तक्रार अर्ज यामुळेच टळतात.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २५ हजारांपर्यंत मांसल पक्षी, ५० हजारांपर्यंत अंडी देणारे पक्षी, १०० पर्यंत दुधाळ जनावरं अशा मर्यादा त्यात आहेत. त्याचा रोख वीजदर आणि ग्रामपंचायतीचा कर यांवर आहे. बांधकाम परवानगी त्याने माफ झालेली नाही.

गोठ्याला सरकारी अनुदान मिळालं तर वेगळी परवानगी लागते का?

रोजगार हमीशी जोडून २०२१ मध्ये आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये ठरवले होते. माप ७.७ मीटर बाय ३.५ मीटर, सोबत गव्हाण आणि २५० लिटरची मूत्रसंचय टाकी. एवढा गोठा म्हणजे जेमतेम २७ चौरस मीटर. तो ग्रामसभा, ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या मंजुरीतून जातो आणि सहसा कुणी अडवत नाही. तरी जमीन वर सांगितलेल्या टापूत असेल तर महसूलचा कागद घेऊन ठेवा. अनुदानाचा आदेश पैशासाठी असतो.

ते माप मला चांगलं वाटतं. अनुदान नाही मिळालं तरी दोन-चार जनावरांच्या शेतकऱ्याने त्याच मापाने बांधावं. कोबा आणि मूत्राची टाकी यामुळे जनावराचे खूर कोरडे राहतात आणि खत वाया जात नाही.

विहीर, शेततळं, पॉलीहाऊस, शेतरस्ता यांचं काय?

शेतीच्या नेहमीच्या कामासाठीची खोदाई, विहिरीसह, आणि फक्त शेतीसाठीचा पोचरस्ता यांना नगर रचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये विकास परवानगीतून सूट आहे. विहिरीला मात्र भूजलाचा कायदा लागतो. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ नका. शेततळ्यातून निघालेली माती-मुरूम स्वतःच्या बांधावर टाकलात तर ठीक. ट्रॅक्टरने बाहेर विकायला नेलात तर तो गौण खनिजाचा विषय होतो आणि दंड मोठा असतो.

पॉलीहाऊस आणि शेडनेटमध्ये पीकच घेतलं जातं, ती इमारत नव्हे. त्यात पॅकहाऊस, शीतखोली, कामगारांच्या खोल्या जोडल्या की तेवढ्या भागाचा वेगळा विचार करावा लागतो.

रस्त्यासाठी शेजारी अडवत असेल तर बांधावरून वाट मागण्यासाठी तहसीलदारांकडे कलम १४३ चा अर्ज करता येतो. असलेली वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम कामाला येतो. शेडच्या आधी वाटेचा निकाल लावा. सिमेंटचा ट्रक आणि पुढे दुधाची गाडी त्याच वाटेने येणार आहे.

डाळ मिल, तेलघाणा, काजू प्रक्रिया टाकायची असेल तर?

स्वतःच्या मालापुरतं छोटं काम आणि बाहेरचा माल घेऊन चालवलेला धंदा यात फरक आहे. दुसरा उद्योगात जातो. त्यासाठी १९९४ पासून कलम ४४-अ आहे. नियमावलीने उद्योगाला मुभा दिलेल्या जागेत खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ अकृषिक परवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत तहसीलदारांना कळवावं लागतं. जमिनीवर आरक्षण किंवा संपादनाची अधिसूचना नसावी. कोकणातल्या छोट्या काजू कारखानदारांना हे कलम ठाऊक नसतं आणि ते उगाच वर्षभर खेटे घालतात.

गोदामाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज घेणार असाल, तर २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे. बँक जमिनीचे कागद बारकाईने तपासते. आधी परवानगी आणि मग कर्जाचा अर्ज, या क्रमाने गेलात तर काम लवकर होतं.

पर्यटकांना राहायला खोल्या बांधल्या तर?

पैसे घेऊन पाहुणे ठेवणं हे शेतावरच्या इमारतीच्या व्याख्येत नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून त्या वाटेने जा.

सातबारा सामाईक आहे. भावाची सही लागेल का?

हो. सहहिस्सेदारांची संमती हवी, नाहीतर एका भावाच्या हरकतीवर अर्ज पडून राहतो. आपसात ठीक असेल तर कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून पोटहिस्सा वेगळा करून घेणं उत्तम. आपल्या वाट्याला आलेलं क्षेत्र ४० आरच्या खाली जात नाही ना, हे वाटपाआधीच मोजा.

जमीन वर्ग-२ ची असेल तर?

वर्ग-२ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही अशी जमीन. आधी शर्त बघा. इनाम, वतन, सरकारने दिलेली जमीन, पुनर्वसनाची जमीन, प्रत्येकाची शर्त वेगळी असते आणि ती फेरफारात सापडते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने करार करून वापरायला घेणं कलम ३६ आणि ३६-अ मुळे अडचणीचं आहे. खाजगी वनाचा शेरा असेल, किंवा जमीन महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान, डहाणू अशा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असेल, तर तिथले निर्बंध स्वतंत्र आहेत. झाडं तोडावी लागणार असतील तर १९६४ च्या कायद्याखाली वेगळी परवानगी.

अर्ज कुठे करायचा आणि काय जोडायचं?

अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे असले तरी अर्ज बहुतेक वेळा तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. ताजा सातबारा, ८-अ, फेरफार, गटाचा नकाशा किंवा मोजणीची क-प्रत, झोन दाखला, परवानाधारक अभियंत्याचा बांधकाम नकाशा आणि सहहिस्सेदारांची संमती एवढं लागतंच. महामार्गालगत असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचं, वरून उच्चदाबाची तार जात असेल तर वीज कंपनीचं ना-हरकत. गावातला जबाब आणि पंचनामा तलाठी करतात. २०२४ पासून त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं आहे.

अर्ज दिला की पोच घ्या. तारखेसह, शिक्क्यासह. पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

किती दिवसांत उत्तर यायला हवं?

कलम ४४ खालच्या अकृषिक अर्जावर पोच दिल्यापासून ९० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. नगर रचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ६० दिवस आहेत, पण आराखडा नियमांत बसत असेल तरच. या मानीव परवानगीवर विसंबून जोतं घालू नका. आधी लेखी स्मरणपत्र द्या, त्यात पोचेची तारीख आणि कलम लिहा. बऱ्याच वेळा फाइल त्या पत्रानेच हलते.

आधीच बांधून झालंय आणि नोटीस आली आहे. आता?

नोटीस घेणं टाळू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि बांधकाम कोणत्या वर्षी झालं, त्याचा पुरावा जोडा. जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, पिकांच्या नोंदी, कर्जाची कागदपत्रं चालतात. बांधकाम व्याख्येत आणि मापात बसत असेल तर मागाहून परवानगीचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि त्याची पोच उत्तराला लावा. मापापेक्षा जास्त असेल तर जास्तीचा भाग स्वतः काढायची तयारी दाखवणं शहाणपणाचं. महसूल संहितेच्या कलम ४५ च्या दंडापेक्षा आणि नगर रचना अधिनियमाच्या कलम ५३ खालच्या पाडकामापेक्षा ते स्वस्त पडतं. सुनावणीला स्वतः हजर राहा. गोठ्यात जनावरं आहेत, शेडमध्ये तुमचाच माल आहे, हे दाखवणारे फोटो सोबत न्या.